डोंगरी रणांगणाची रचना : गाविलगडापासून मोबाइलच्या पडद्यापर्यंत

यवतमाळ जिल्ह्यातील कळंब येथील श्रीचिंतामणीचे मंदिर जमिनीच्या पातळीखाली आहे. दर्शन आटोपून पायऱ्या चढून वर आलो, तेव्हा एका ओट्यावर दोन शाळकरी मुले मोबाइलवर द्वंद्वाचा खेळ खेळण्यात गढून गेली होती. एकाचा योद्धा डोंगरकड्यावरून खाली कोसळला. “काका, गोटा कुठून आला ते दिसलंच नाही ना!” अशी तक्रार त्याने माझ्याकडेच केली. ही तक्रार वरकरणी किरकोळ वाटली, तरी धोक्याचे रणांगण रचण्याच्या शास्त्राचे मर्म तिच्यात सामावलेले आहे.

देखाव्यापासून संकटापर्यंत

द्वंद्वाच्या व्हिडिओ खेळात दोन योद्धे ज्या जागेवर लढतात, तिला ‘स्टेज’ म्हणतात. 1991 च्या ‘स्ट्रीट फायटर टू’ या जपानी खेळात ही जागा बहुतांशी देखाव्यापुरतीच होती. 1992 च्या ‘मॉर्टल कॉम्बॅट’ या अमेरिकी खेळात पुलाखाली सुळे आले. 1999 च्या ‘डेड ऑर अलाइव्ह टू’ मध्ये योद्धा वरच्या टप्प्यावरून खालच्या टप्प्यावर फेकला जाऊ लागला. 2001 च्या ‘सुपर स्मॅश ब्रदर्स मेले’ मध्ये तर एक हिमाच्छादित डोंगरच पडद्यावर वरखाली सरकतो. जो मागे राहील तो बाद. अशा जागी कौशल्यापेक्षा दैवच वरचढ ठरते, असा आक्षेप निष्णात खेळाडूंनी घेतला. त्यामुळे स्पर्धांतून सपाट, निर्धोक जागांना पसंती मिळाली आणि त्याच मालिकेच्या 2018 च्या खेळात संकटे बंद ठेवण्याची सोयही करण्यात आली.

गाविलगडाचा धडा

डोंगराला रणांगणाचे रूप देण्याची कला आपल्याला नवी नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दुर्गरचनेचे नियम सांगितले आहेत. गडाजवळ दुसरा डोंगर असू नये, दरवाजे समोरून माऱ्यात येऊ नयेत, एकच दरवाजा ठेवू नये, पाणी आधी पाहावे, हे त्यांचे सार होय.

विदर्भातील उदाहरण गाविलगडाचे. अमरावती जिल्ह्यात चिखलदऱ्यालगत सुमारे 1,100 मीटर उंचीवर हा गड उभा आहे. दक्षिणेचा चढ इतका खडा, की तिकडून तोफा उपयोगी पडेनात. म्हणून 1803 च्या डिसेंबरात इंग्रजी फौजेने तोफा डोंगरांतून ओढत उत्तरेस नेल्या. 15 डिसेंबर रोजी बाहेरचा कोट पडला. परंतु आतला कोट दरीपलीकडे अभंग होता. अखेर एका तुकडीने दरी ओलांडून, शिड्या लावून भिंत चढली आणि आतून दरवाजा उघडला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता धारातीर्थी पडले.

यातून रचनाकाराने दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली अशी, की डोंगर स्वतः निकाल लावीत नाही. वाट ओळखणारा निकाल लावतो. दुसरी अशी, की गड हा मुद्दाम अन्यायी असतो. तो रक्षणकर्त्याच्या बाजूने रचलेला असतो. खेळातील डोंगर मात्र दोघांनाही सारखाच असावा लागतो.

संकटाचे तीन नियम

पहिला नियम पूर्वसूचनेचा. पडद्यावर सामान्यतः सेकंदास 60 चित्रे उमटतात. डोळ्यांनी पाहून बोट हलविण्यास माणसाला साधारणपणे पाव सेकंद, म्हणजे सुमारे 15 चित्रांचा अवधी लागतो. त्याहून कमी अवधीत दरड कोसळली, तर ती चुकविणे अशक्य होय. म्हणून आधी खडे घरंगळावेत, धूळ उडावी, गडगडाट ऐकू यावा आणि मगच दगड यावा. सूचनेला पूर्ण एक सेकंद दिल्यास नवशिक्यालाही संधी मिळते.

दुसरा नियम समानतेचा. कडा एकाच बाजूला असेल, तर त्या बाजूचा खेळाडू आरंभीच तोट्यात जातो. दोन्ही बाजूंना तुल्य धोका ठेवावा, किंवा जागा बदलण्याची सोय करावी.

तिसरा नियम प्रमाणाचा. संकट लढतीला रंग देणारे असावे, लढत गिळणारे नसावे. निसरडा खडक, धुके, वारा व दरड ही चारही एकदम आणण्यापेक्षा एकच संकट नीट योजणे श्रेयस्कर. तयार झालेली जागा अनेकांकडून खेळवून पाहावी. हरणारा “माझी चूक झाली” असे म्हणत असेल, तर रचना साधली. “दिसलंच नाही” म्हणत असेल, तर ती फसली.

शाळेत काय करता येईल

यासाठी संगणकच हवा असे नाही. आलेख-कागदावर डोंगराची बाजू काढावी, पुठ्ठ्याचे दोन योद्धे करावेत, फाशाच्या दानाने दरड पाडावी आणि दान पडण्यापूर्वी एक डाव आधी इशारा द्यावा. उंची, उतार, वेळ व संभाव्यता हे पाठ यातून सहज होतात. सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ॲनिमेशन, दृश्यपरिणाम व गेमिंग या क्षेत्रांसाठी स्वतंत्र धोरण मंजूर केले आहे. या व्यवसायाचे दार ग्रामीण मुलांनाही उघडावयाचे, तर आरंभ अशा कागदापासूनच व्हावा.

एक सावधगिरी मात्र शिक्षक व पालक यांनी अवश्य बाळगावी. पडद्यावर कोसळलेला योद्धा पुढच्या डावात पुन्हा उभा राहतो. गाविलगडाच्या कड्यावर पाय घसरलेला मुलगा उभा राहत नाही. सहलीला नेताना हा भेद मुलांना समजावून सांगावा आणि गावच्या घाटातील दरडीच्या जागीही इशाऱ्याची पाटी आहे की नाही, हे पंचायत सदस्यांनी पाहावे. धोक्याची सूचना आधी मिळावी, हा कळंबच्या त्या मुलाचा आग्रह खेळापुरता मर्यादित नाही.