उमेदवारी : रुमाल सोडण्याची विद्या

मळवली स्टेशनावर उतरून भाज्याच्या वाटेने चढ चढत गेले की गायमुख खिंड येते. डावीकडे विसापूर, उजवीकडे लोहगड आणि पायथ्याशी लोहगडवाडी. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांत लोहगड आहे. तेव्हापासून गडाच्या दरवाजांविषयी आणि विंचूकाट्याविषयी पुष्कळ लिहिले गेले. पण किल्ला दगडाचा असतो तसा कागदाचाही असतो. शिबंदीचे पगार, तटाची डागडुजी, कोठीतले धान्य, दारूगोळा यांचे हिशेब कुणीतरी लिहिले, कुणीतरी बांधून ठेवले. हे कागद आज गडावर नाहीत. पेशवाईतल्या अशा हिशेबांचा मोठा साठा पुण्याच्या पुराभिलेखागारात, म्हणजे पेशवे दफ्तरात, रुमालांत बांधलेला आहे. लोहगडाशी ज्यांचे नाव जोडले गेले त्या नाना फडणीसांचे खासगी दफ्तर वाईजवळच्या मेणवलीच्या वाड्यात होते. ते पुढे द. ब. पारसनीसांच्या हाती आले.

प्रश्न असा की हे रुमाल सोडून वाचणारा माणूस तयार कसा होतो?

त्याचे उत्तर आपल्याच भाषेतल्या एका शब्दात आहे. ‘उमेदवार’ म्हटले की आज निवडणूक आठवते. पण जुन्या कचेरीत उमेदवार म्हणजे पगाराच्या जागेची उमेद धरून, आधी बिनपगारी काम शिकणारा पोरगा. फडात बसायचे, वडीलधाऱ्या कारकुनाचा कित्ता गिरवायचा, नकला करायच्या, रुमाल बांधायचे आणि सोडायचे. हात बसला की मग जागा. दफ्तराची विद्या आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या अशी उमेदवारीतूनच चालत आली.

ती पुस्तकातून पुरती का येत नाही, हे एका उदाहरणाने कळेल. मोडीत शब्द सुटे लिहिलेले नसतात, ऱ्हस्वदीर्घाचा भेद नसतो. शिवाय चिटणीशी वळण वेगळे, बिवलकरी वेगळे आणि घाईत लिहिलेल्या हिशेबाचे तर त्याहून वेगळे. समजा, अक्षर लागले आणि कागदावर साल निघाले ‘इहिदे सितैन मया व अलफ’. अरबी संख्यांची ही बेरीज आहे : एक, साठ, शंभर आणि हजार, म्हणजे शुहूर सन ११६१. इसवी सन काढायला त्यात ५९९ मिळवावेत की ६००? शुहूर वर्ष मृग नक्षत्राला, म्हणजे मे महिन्याच्या अखेरीस किंवा जूनच्या आरंभी, सुरू होते. म्हणून तिथून डिसेंबरपर्यंत ५९९ आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ ची, म्हणजे याच शुहूर सालातली. जो सरसकट ५९९ मिळवील तो पानिपतानंतरचे पत्र पानिपताच्या आदल्या वर्षी नेऊन ठेवील आणि मेलेल्या माणसांना जिवंत करील. नियम दोन ओळींचा आहे, पण तो अंगवळणी पडायला शेकडो कागद हाताखालून जावे लागतात आणि चूक दाखवणारा कुणीतरी शेजारी बसलेला असावा लागतो.

याचा मोठा दाखला मावळातच आहे. मळवलीच्या पुढचे स्टेशन कामशेत. बडोद्याची नोकरी संपवून रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई इथे राहिले आणि १९५९ साली इथेच वारले. पेशवे दफ्तर तोवर संशोधकांना सहजी खुले नव्हते. त्यातल्या निवडक कागदांचे संपादन सरदेसायांकडे आले आणि १९३० ते १९३४ या काळात त्याचे ४५ खंड छापून निघाले. मोडी वाचणारे साहाय्यक हाताशी असल्याखेरीज एवढे काम पाच वर्षांत होणे शक्य नव्हते. कागद निवडणे, नक्कल उतरणे, ताडून पाहणे, तारीख बसवणे यांतूनच साहाय्यकांचे शिक्षण होत गेले. जदुनाथ सरकारांसारखे इतिहासकारही कामशेतला येत. दुसरीकडे पुण्यात वि. का. राजवाडे आणि खं. चिं. मेहेंदळे यांनी १९१० मध्ये स्थापलेल्या भारत इतिहास संशोधक मंडळात ज्येष्ठांच्या शेजारी बसून कागद लावण्याची परंपरा रुजली. मंडळातलेच ग. ह. खरे यांनी नवशिक्यांसाठी ‘संशोधकाचा मित्र’ लिहिले, यावरून गरज किती होती ते दिसते.

ग्रंथालयांची वाट थोडी निराळी. अमेरिकेत मेल्विल ड्यूई यांनी १८८७ मध्ये ग्रंथपालांची पहिली शाळा काढली, तोवर तिथेही हे काम हाताखाली राहूनच शिकत. सयाजीराव गायकवाडांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यात आणले आणि १९११ मध्ये तिथे प्रशिक्षणवर्ग सुरू झाला. चालत्या ग्रंथालयातच शिकणे, ही त्याची खुबी होती. पुढे पदविका आणि पदव्या आल्या. त्यांनी या पेशाला प्रतिष्ठा दिली, पण शिकणे वर्गात गेले आणि काम कपाटाशी राहिले.

मग आजच्या कायद्यात उमेदवारीला जागा आहे का? आहे. १९६१ चा शिकाऊ उमेदवार अधिनियम आरंभी कारखान्यांतल्या कारागिरांसाठी होता. २०१४ च्या दुरुस्तीने कला, वाणिज्य, विज्ञान शाखांच्या पदवीधरांनाही दार उघडले आणि उमेदवाराला विद्यावेतन मिळते. मात्र २०१९ च्या नियमांप्रमाणे ३० किंवा अधिक माणसे कामाला असतील तिथेच उमेदवार घेणे सक्तीचे आहे. चारपेक्षा कमी माणसांची संस्था तर योजनेबाहेरच राहते. आता १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली चालणारे ‘ड’ वर्गाचे गावातले वाचनालय डोळ्यांपुढे आणा : एक ग्रंथपाल, तोही अर्धवेळ. कायदा आहे, पण त्याचे माप कारखान्याचे आहे. इंग्लंडने ग्रंथालय आणि पुराभिलेख सेवेतल्या साहाय्यकांसाठी उमेदवारीचा वेगळा मान्यताप्राप्त आराखडा केला. काम चालू, पगार चालू आणि शेवटी परीक्षा. आपल्याकडे तसे नाही.

त्याची किंमत २०२३ मध्ये दिसली. कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि जिल्ह्याजिल्ह्यांत जुने कागद बाहेर निघाले. तेव्हा मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध सुरू झाली. माणसांचे दाखले, हक्क आणि भवितव्य ज्या कागदावर अवलंबून, तो वाचायला माणूस अपुरा! पुराभिलेख संचालनालय आणि काही संस्था मोडीचे वर्ग घेतात, त्यांना प्रतिसादही चांगला असतो. पण दहापंधरा दिवसांत अक्षरओळख होते, दफ्तराची ओळख होत नाही.

उपाय अवघड नाही. लहान वाचनालयांनी एकेकटे न राहता तालुक्याने किंवा जिल्ह्याने मिळून उमेदवार घ्यावेत. वर्षातले काही महिने वाचनालयात, काही पुराभिलेखागारात. नोंदणी, वर्गीकरण, फाटक्या कागदाची डागडुजी, कीडनियंत्रण, स्कॅनिंग आणि जाणत्याच्या शेजारी बसून रोज मोडीचे वाचन. मुख्य म्हणजे विद्यावेतन. जुनी उमेदवारी बिनपगारी होती, म्हणून ती ज्यांच्या घरी चूल पेटण्याची चिंता नव्हती त्यांनाच परवडली. दफ्तरे बरीचशी एकाच थराच्या हाती का राहिली, याचे एक कारण तेही आहे. ती चूक पुन्हा करायला नको.

लोहगडवाडीतली तरुण मंडळी आज पर्यटकांना गड दाखवतात, जेवण-राहण्याची सोय करतात. त्यांतल्या एखाद्या पदवीधर मुलीने मळवलीहून लोकल पकडून रोज पुण्याला जावे, वर्षभर रुमाल सोडावेत आणि आपल्याच गडाच्या तटाला कोणत्या साली किती चुना लागला ते स्वतः वाचून सांगावे. गाडी आहे, रुमालही आहेत. तिला शेजारी बसवून घेणारी जागा तेवढी करायची आहे.