राउटरच्या यादीतली अनोळखी नावे

वायफायला त्या घडीला कोणकोणती उपकरणे जोडलेली आहेत, याची यादी प्रत्येक घरगुती राउटर ठेवतो. इंटरनेट मंदावले की ती उघडली जाते. हिमायतनगरातल्या चार माणसांच्या घरात अकरा उपकरणे दिसली, तर पहिला संशय शेजाऱ्याच्या पोरावर जातो. बहुतेक वेळा तो बिचारा निर्दोष असतो.

यादी पाहण्यासाठी मोबाइलच्या ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाकावा लागतो. तो बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, राउटरच्या तळाच्या स्टिकरवर तो छापलेला सापडतो. काही कंपन्यांच्या ॲपमध्येही ही यादी दिसते. प्रत्येक उपकरणापुढे साधारण तीन गोष्टी असतात: नाव, आयपी पत्ता आणि मॅक पत्ता. यांतले नाव सर्वांत बेभरवशाचे, कारण ते उपकरणाने स्वतःच सांगितलेले असते, आणि पुष्कळदा तेही कोरे असते. आयपी पत्ता राउटर वाटून देतो. लाइट जाऊन आली की तो बदलू शकतो. खरी तपासणी मॅक पत्त्यापासून सुरू होते.

मॅक पत्त्यात अंक आणि रोमन अक्षरे मिळून १२ चिन्हे असतात. पहिल्या सहांवरून उत्पादक कळतो, कारण हे गट आयईईई ही अभियंत्यांची आंतरराष्ट्रीय संघटना कंपन्यांना नेमून देते आणि त्यांची नोंदवही इंटरनेटवर कोणालाही पाहता येते. मात्र इथेच पुष्कळांची फसगत होते. नोंदवहीत अनेकदा उपकरणावर छापलेल्या ब्रँडचे नाव नसून आतला वायफायचा भाग बनवणाऱ्या कंपनीचे असते. ‘एस्प्रेसिफ’ हे नाव वाचून चिनी हॅकर घरात शिरल्याची भीती वाटते. प्रत्यक्षात शांघायच्या या कंपनीच्या चिप असंख्य स्मार्ट बल्बांत आणि प्लगांत असतात. ‘हॉन हाय’ म्हणजे फॉक्सकॉन. ते नाव दिसले तर आधी घरातला लॅपटॉप तपासावा. रिपीटर लावला असेल तर त्यामागची उपकरणे भलत्याच पत्त्याने दिसू शकतात, आणि वायर व वायफाय दोन्ही वापरणारा लॅपटॉप दोनदा मोजला जातो.

मोबाइलने तर हा गोंधळ मुद्दाम वाढवला आहे. २०१९च्या अँड्रॉइड १० आणि २०२०च्या आयओएस १४ पासून फोन आपला खरा मॅक पत्ता लपवून प्रत्येक वायफायला एक बनावट पत्ता दाखवतात. बाजारात, स्टेशनवर फिरणाऱ्या माणसाचा माग काढता येऊ नये, हा त्यामागचा हेतू. असा पत्ता ओळखण्याची खूण सोपी आहे: त्याचे दुसरे चिन्ह २, ६, ए किंवा ई असते. अशा पत्त्यासाठी नोंदवहीत उत्पादक शोधणे व्यर्थ. त्याऐवजी घरातल्या प्रत्येक फोनच्या वायफाय सेटिंगमध्ये जाऊन सध्याचा पत्ता पाहावा आणि यादीशी जुळवावा.

उरलेल्यांसाठी वजाबाकीची पद्धत सर्वांत खात्रीची. एकेक उपकरण बंद करावे, यादी ताजी करावी, कोणते नाव गळाले ते टिपून ठेवावे. टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, सीसीटीव्हीचा डीव्हीआर, प्रिंटर ही मंडळी हमखास विसरली जातात. पाहुण्यांचे फोनही विसरू नयेत. महाशिवरात्रीला हिमायतनगरच्या परमेश्वराच्या यात्रेला आलेल्या नातलगांना एकदा पासवर्ड दिला, की त्यांचे फोन पुढच्या खेपेला दारातूनच जोडले जातात. काही राउटर गेलेल्या उपकरणांची नावेही बरेच दिवस दाखवत राहतात.

एवढे करूनही धनी न सापडलेले उपकरण उरले, तर ते नुसते ‘ब्लॉक’ करण्यात अर्थ नाही. पत्ता बदलून ते परत येऊ शकते. वायफायचा पासवर्ड बदलणे हाच उपाय. सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ ठेवावा आणि डब्ल्यूपीएस ही पिनने जोडण्याची सोय बंद करावी. तिचा आठ आकडी पिन फार तर ११,००० प्रयत्नांत फोडता येतो, हे २०११ मध्येच उघड झाले आहे. राउटरच्या सेटिंगचा पासवर्ड वेगळा असतो, तोही बदलावा. फोनमधला वायफायचा क्यूआर कोड दाखवणे म्हणजे पासवर्डच हाती देणे. पाहुण्यांसाठी वेगळे गेस्ट नेटवर्क सुरू करणे बरे.

फुकटच्या वायफायवर कोणी सिनेमा पाहिला तर नुकसान थोडे. खरा धोका वेगळा आहे. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांआधी काही मिनिटे वृत्तवाहिन्यांना धमकीचा ईमेल गेला. तपासयंत्रणा त्याचा माग काढत नवी मुंबईत सानपाड्याच्या एका फ्लॅटमध्ये पोचली. तिथल्या अमेरिकी रहिवाशाचा कटाशी संबंध नव्हता. त्याचे वायफाय दुसऱ्यानेच वापरले होते. त्याच वर्षी माटुंग्याच्या खालसा महाविद्यालयाचे आणि चेंबूरच्या एका कंपनीचे वायफाय अशाच ईमेलसाठी वापरले गेले. पोलिसांना आयपी पत्त्यावरून कनेक्शन कोणाच्या नावावर आहे ते कळते, ते प्रत्यक्षात कोणी वापरले ते नाही. म्हणून संशयास्पद उपकरणाचा मॅक पत्ता आणि वेळ यांचा स्क्रीनशॉट पासवर्ड बदलण्याआधीच काढून ठेवावा. आर्थिक फसवणूक झाली असेल तर १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार करावी.