१४९ चा बर्गर, २२० चं बिल

ॲपवर १४९ रुपयांना दिसलेला बर्गर दारात येईपर्यंत २२० चा होतो. पॅकिंग, डिलिव्हरी, प्लॅटफॉर्म फी, वर जीएसटी. तेवढ्यात सदाशिव पेठेतल्या आमच्या रूमवर चौघांची मुगाची खिचडी होते, तीही तुपासकट.

पण एकट्यापुरतं रांधणं वाटतं तेवढं स्वस्त नसतं बरं का! पहिल्या महिन्यात माझी निम्मी कोथिंबीर सडली, दूध नासलं; आणि भांडी घासायचा कंटाळा आला की पुन्हा ॲप होतंच. म्हणजे खर्च दोन्हीकडून. महिनाअखेरीला घरी फोन करून पैसे मागताना आवाज आपोआप बारीक व्हायचा.

चौघांनी एकत्र चूल मांडली तेव्हा कुठे हिशेब जमला. किराणा वर्गणीतून, भांडी पाळीने. बर्गर सुटलेला नाही हं. महिन्यातून एकदा, तोही दुकानात चालत जाऊन.