अर्धवट काम दाखवा!

गुगलचा 'समर ऑफ कोड' उपक्रम 2005 साली विद्यार्थ्यांसाठी सुरू झाला. 2022पासून तो ओपन सोर्समध्ये नवख्या असलेल्या, 18 वर्षांवरील इतरांनाही खुला आहे. ओपन सोर्स म्हणजे ज्याचा कोड कोणालाही वाचता आणि बदलता येतो असे सॉफ्टवेअर. निवड झालेल्यांना मानधन गुगल देते. मार्गदर्शन प्रकल्पातली जाणती मंडळी करतात.

निवृत्तीनंतर मीही मार्गदर्शक झालो. पहिल्याच वर्षी माझा विद्यार्थी तीन आठवडे गप्प! मध्यावधी मूल्यमापन तोंडावर आलेले. त्यात नापास झाला की काम तिथेच संपते. शेवटी मीच फोन केला.

"सर, कोड अजून दाखवण्यासारखा झाला नाही."

चूक माझीही होती. वर्गात मी जन्मभर पूर्ण झालेले पेपरच तपासले. इथे रीत उलटी: अर्धवट कोड चारचौघांत मांडायचा, चुका ऐकायच्या, पुन्हा लिहायचा. त्याने त्याच रात्री होता तसा कोड पाठवला. गाडी दोन ओळींत अडली होती. उन्हाळा संपता संपता त्याचे काम प्रकल्पात सामील झाले.

"लोक काय म्हणतील" हे आपल्या घरांत मुले फार लवकर शिकतात. कॉलेजातल्या मुलामुलींनो, अर्ज वसंतात भरायचे असतात. आवडत्या प्रकल्पाशी ओळख मात्र या दिवाळीपासूनच करा. आणि अडलात तर पहिल्याच दिवशी विचारा.