विदागाराचा नकार : त्याचे स्थान व अर्थ

भाषिक सामग्री मायएस्क्यूएल या विदागारात ठेवून तिच्यावर काम करणाऱ्या अभ्यासकांची ‘जोडणी होत नाही’ ही नेहमीची तक्रार असते. वस्तुतः या एका तक्रारीत तीन भिन्न दोष एकवटलेले असतात. त्यांचा भेद दोषक्रमांकावरून करता येतो.

२००२ वा २००३ हा क्रमांक आल्यास सर्व्हरपर्यंत पोहोचताच आलेले नाही, असे समजावे. सर्व्हर बंद असेल, पत्ता वा पोर्ट (सामान्यतः ३३०६) चुकला असेल, किंवा फायरवॉलने वाट अडविली असेल. येथे पासवर्ड तपासणे व्यर्थ होय.

१०४५ या क्रमांकाचा अर्थ सर्व्हर भेटला, परंतु ओळख पटली नाही, असा होतो. पासवर्ड चुकणे हे एक कारण; दुसरे अधिक सूक्ष्म आहे. मायएस्क्यूएलमध्ये खाते केवळ नावाने ठरत नाही; नाव आणि जोडणी जेथून येते ते यंत्र, या दोहोंनी ते ठरते. म्हणूनच ‘लोकलहोस्ट’वरून चालणारे नाव अन्य यंत्रावरून नाकारले जाऊ शकते.

१०४४ व ११४२ या क्रमांकांत ओळख पटलेली असते. अनुक्रमे विदागारावरील व तक्त्यावरील अधिकार तेवढा नसतो. अशा वेळी सर्व अधिकार एकदम बहाल करण्याचा मोह होतो. तो टाळावा. केवळ वाचन करणाऱ्या प्रणालीस ‘सिलेक्ट’ पुरतो. ‘ड्रॉप’ही दिल्यास एका चुकीच्या आज्ञेने अनेक वर्षांचे संकलन नष्ट होऊ शकते. ‘शो ग्रँट्स’ या आज्ञेने असलेले अधिकार पाहावेत आणि जो उणा असेल तेवढाच द्यावा.