तुरुंगाच्या भिंतीवर मारियो

अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात जायचे तर आधी ओहोटीची वेळ विचारावी लागते. पाणी उतरले की पायी किंवा घोडागाडीतून, चढलेले असले तर होडीतून. तटाचे थोराड दगड चुन्याशिवाय एकावर एक रचलेले. लाट फटींतून आत शिरते आणि तिथेच तिचा जोर मोडतो. आत सिद्धिविनायक आहे, गोडे पाणी आहे, उत्तरेच्या तटावर १८४९ साली इंग्लंडात ओतलेल्या दोन तोफा आहेत. बाकी चौथरे आणि गवत.

याच तालुक्यात बामणसुरे गावी दशरथ पटेल यांचे संग्रहालय आहे. चित्रकार, मातीकाम करणारा, छायाचित्रकार, अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था (एनआयडी) घडवणाऱ्या पहिल्या लोकांपैकी एक. माणूस एकाच कलेत कधी मावला नाही. म्हणजे रायगडच्या किनाऱ्यावर किल्ले आहेत आणि आधुनिक कलाही आहे. दोघांची गाठ एका छपराखाली पडलेली पाहायला मात्र गोव्यात, मांडवीच्या काठी जावे लागते.

पणजीहून फेरीबोटीने बेतीला उतरले की तिथून थोड्याच अंतरावर रेईश मागूशचा किल्ला. खाली १५५५ सालचे पांढरेशुभ्र चर्च, बायबलमधल्या ‘तीन राजां’चे, गावाला आणि किल्ल्याला नाव त्यांचेच. वर जांभ्याच्या भिंती आणि कोपऱ्यांतले गोल बुरूज. पोर्तुगीजांनी १५५१ मध्ये पाया घातला, १७०७ मध्ये बहुतेक नव्याने बांधला. १७३९ मध्ये सावंतवाडीच्या भोसल्यांनी बारदेश घेतला, तेव्हा रेईश मागूश आणि आग्वाद हे दोनच किल्ले पोर्तुगीजांकडे उरले. पुढच्याच वर्षी आपल्याकडचे रेवदंडा आणि कोर्लई मराठ्यांना मिळाले. रेवदंड्याच्या तटाआड आता नारळी-पोफळी वाढतात. रेईश मागूशचा तुरुंग झाला.

तो थेट १९९३ पर्यंत तुरुंगच होता. मग ओसाड पडला. २००७ मध्ये हेलन हॅम्लिन ट्रस्ट, इन्टॅक आणि गोवा सरकार यांनी दुरुस्ती हाती घेतली; वास्तुविशारद जेरार्ड दा कुन्हा. जून २०१२ मध्ये दरवाजे उघडले आणि आत माणसे भेटली ती व्यंगचित्रकार मारियो मिरांडा यांच्या चित्रांतली.

मारियोंचा जन्म १९२६ चा, दमणचा, घर लोटलीचे. लहानपणी हा मुलगा घराच्या भिंतींवर चित्रे काढी. आईने रागावण्याऐवजी कोरी वही आणून दिली, आणि त्या वहीची पुढे रोजनिशी झाली. शब्द थोडे, चित्रे उदंड. चित्रकलेच्या शाळेत न घडलेला, इतिहासाचा हा पदवीधर मुंबईच्या वर्तमानपत्रांत गेला आणि मिस फोन्सेका, मिस निंबूपानी, पुढारी बंडलदास या पात्रांना घराघरांत घेऊन आला. कुलाब्याच्या (मुंबईतल्या!) कॅफे माँडेगरच्या भिंतींवर अजूनही मारियोंनी काढलेली गर्दी दाटलेली असते.

गर्दी हाच मारियोंचा खरा विषय. एका चौकटीत पाव विकणारा पोदेर, मासळीवाली, पाद्री, दारूच्या गुत्त्यातले म्हातारे, लग्नाची वरात, आणि कुठेतरी पायांत घुटमळणारे कुत्रे. प्रत्येकाला नाक वेगळे, तोरा वेगळा. चित्रासमोर पाच मिनिटे उभे राहिले तरी कोणीतरी पाहायचे राहून जाते. मग मान वळवावी तर जाड भिंतीतल्या झरोक्यातून मांडवी दिसते आणि पलीकडे पणजी. ज्या खोल्यांत माणसांना माणसांपासून तोडून ठेवले, तिथे आता माणसांचीच दाटी झाली आहे. याच दालनांजवळ शत्रूवर उकळते तेल ओतायचे भोक दाखवतात. बंडलदासाला पाहून आलेला पाहुणा त्यात वाकून बघतो, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरचे हसू पुरते मावळलेले नसते.

मला इथे पटते ते एवढेच की चित्रांनी किल्ल्याला झाकलेले नाही. जांभा जांभ्यासारखा दिसतो, तुरुंग तुरुंगासारखा. आणि चित्रांतली माणसे परकी नाहीत. फेरीबोटीत शेजारी उभी असलेलीच ती. हा संग्रह दिल्लीच्या एखाद्या वातानुकूलित दालनात टांगला असता तर निम्मा मुका झाला असता. मारियो ११ डिसेंबर २०११ ला गेले. किल्ला उघडायला तेव्हा सहा महिने उरले होते.

म्हणून कुलाबा किल्ल्यातही चित्रे टांगा, असे म्हणायला जीभ रेटत नाही. तिथे छप्पर नाही, खोल्या नाहीत, आणि खाऱ्या वाऱ्यात कागद किती तग धरणार? कलेला बामणसुरे बरे. कुलाब्याला हवे आहे ते वेगळेच. आपल्या किल्ल्यांच्या दगडांवर बदाम आणि नावे कोरणारे पाहिले की मारियोंची आई आठवते. भिंतीवर काही उमटवायची हौस ज्यांना आवरत नाही, त्यांनी ओहोटीची वेळ विचारून घ्यावी आणि निघताना पिशवीत एक कोरी वही टाकावी.