छोट्या विमानातले शिसे

धातूच्या छोट्या विमानांचा कारखाना काढायचे स्वप्न एखादा विद्यार्थी बोलून दाखवतो, तेव्हा आपण भांडवलाविषयी विचारतो. खरे तर आधी जस्ताविषयी विचारायला हवे.

ही विमाने बहुधा ‘झमॅक’ या मिश्रधातूची असतात. त्यात मुख्यतः जस्त, सुमारे ४ टक्के ॲल्युमिनियम आणि अगदी किंचित मॅग्नेशियम असते. हा मिश्रधातू ३८५° से.च्या आसपास वितळतो. तो दाबाने पोलादी साच्यात भरला की बारीक रेषाही उमटतात. साचा महाग, पण त्यातून हजारो विमाने निघतात.

लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीने १९३४ साली ‘डिंकी’ विमाने आणली. त्या काळातली कित्येक विमाने कपाटात नुसती ठेवलेली असतानाही फुगली, वाकली, हात लावताच तुटली. रंग शाबूत, आतला धातू गेलेला! दोष शिशाचा. शिसे घन जस्तात जवळजवळ विरघळत नाही. धातू थिजताना ते स्फटिककणांच्या सीमांवर साचते. दमट, उबदार हवेत या सीमांवरून गंज आत शिरतो. गंज मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापतो, म्हणून विमान तडकते. मॅग्नेशियम या क्रियेला बराच आळा घालते.

शिशाची मर्यादा सुमारे ०.००५ टक्के, म्हणजे टनाला ५० ग्रॅम! डाग देण्याच्या शिसे-कथिलाच्या तारेचे तुकडे भट्टीत पडले तरी हिशेब बिघडतो. शिवाय विकताना विमान चकचकीतच दिसते. तक्रार येते ती काही वर्षांनी. म्हणून नमुने गरम वाफेत काही दिवस ठेवून आधीच तपासतात.